भाजी नसलेल्या दिवशी अख्ख्या मसुराची आमटी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांत पावसाळ्याच्या तोंडावर जोंधळे, तांदूळ, कडधान्ये आणि वर्षभराची चटणी भरून ठेवली जाते; तरीही बाजार चुकला की स्वयंपाकाचे काय करावे, हा प्रश्न पडतोच. अशा वेळी मूग किंवा मटकीपेक्षा अख्खा मसूर अधिक सोयीचा, कारण तो आधी न भिजवताही कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांत शिजतो. चार माणसांसाठी 1 वाटी मसूर 3 वाट्या पाण्यात शिजवावा. दरम्यान 1 कांदा आणि 2 चमचे सुके खोबरे तव्यावर तांबूस भाजून लसणाच्या पाकळ्यांसह वाटून घ्यावे. तेलात मोहरी, हिंग व कढीपत्त्याची फोडणी करून त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मग घरची कांदा-लसूण चटणी आणि शिजलेला मसूर घालावा.

चिंचेचा कोळ मात्र मसूर पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा. आंबटपणामुळे कडधान्याची साल व गर लवकर मऊ होत नाही, आणि घाईत नेमकी हीच चूक होते. शेवटी गुळाचा लहान खडा घालावा, तो आमच्या मते वगळण्याजोगा नाही. आमटी दहा मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावी. सोबत जोंधळ्याची भाकरी आणि कारळ्याची चटणी असली की भाजीची उणीव जाणवत नाही. उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी घट्ट होते. तेव्हा ती गरम पाण्यानेच सैल करावी.