घरी रक्तदाब मोजताना

सांगली-मिरजेच्या आसपासच्या गावांतही आता अनेक घरांत रक्तदाबाचे यंत्र असते. मात्र ते नीट वापरले, तरच डॉक्टरांना त्या आकड्यांचा उपयोग होतो. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली आणि १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरवण्याची रीत दिली.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटे खुर्चीवर बसावे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधावा. हात टेबलावर, छातीच्या उंचीवर टेकवावा; तो खाली लोंबकळला तर आकडा वाढतो. दंड जाड असेल तर मोठाच पट्टा मागून घ्यावा. दुकानात मिळेल तो चालवून घेणे मला सर्वांत घातक वाटते, कारण आखूड पट्टा रक्तदाब उगाच जास्त दाखवतो आणि त्यावरून नको ती गोळी सुरू होऊ शकते.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत राहिली, तर वही घेऊन डॉक्टरांना भेटावे. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नयेत.