स्ट्रोकनंतर 'लक्षातच राहत नाही' म्हणताय? मग आधी या चुका टाळा

पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला, पेशंट घरी आला, वॉकर सुटला, हात थोडा चालायला लागला की मग घरच्यांच्या लक्षात येतं की अरे, यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाहीये. आणि तिथून जो गोंधळ सुरू होतो तो मी नाशिकमध्ये होम व्हिजिटला (ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे मी, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवते) घरोघरी बघतेय. माणसं वेगळी, चुका अगदी त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

"ओळखा पाहू कोण आलंय?"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक काका होते, एसटीतून रिटायर झालेले, मेंदूच्या आत थॅलॅमस म्हणून भाग असतो तिथे डाव्या बाजूला स्ट्रोक. बोलणं बऱ्यापैकी, चालणं छान, पण नवीन काही टिकायचं नाही. घरात रोज परीक्षा. सून चहा घेऊन आली की मुलगा विचारणार, "पप्पा, ही कोण? सांगा सांगा." काका वारलेल्या बहिणीचं नाव घ्यायचे. "नाही हो, नीट आठवा!" मग अजून दोन-तीन चुकीची नावं, मग सगळे हसणार, काका ओशाळणार आणि शेवटी कुणीतरी खरं नाव सांगणार. पाहुणे आले की हाच कार्यक्रम परत, त्यांच्यासमोर. महिन्याभरात असं झालं की सुनेच्या बांगड्या वाजल्या तरी काकांच्या तोंडून बहिणीचंच नाव यायचं. घरचे म्हणे, "बघा ताई, एवढी प्रॅक्टिस घेतोय तरी वाढतच चाललंय."

वाढणारच ना! प्रॅक्टिस चुकीच्या नावाची चाललीय. आपण चुकलो की आपल्याला आठवतं की काल आपण चुकलो होतो, म्हणून आपण सुधारतो. यांची नेमकी तीच आठवण अधू झालेली असते. पण तोंडाला लागलेली सवय मेंदू वेगळ्या वाटेने साठवतो आणि ती वाट बऱ्याचदा शाबूत असते. म्हणजे 'हे चूक होतं' एवढं पुसलं जातं आणि चुकीचं उत्तर मात्र पक्कं होतं. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिलं, की स्मृती खूप गेलेल्या लोकांना अंदाज करायला लावण्यापेक्षा उत्तर आधीच देऊन टाकलं तर ते जास्त शिकतात. एवढी वर्षं झाली तरी आपल्या दिवाणखान्यात केबीसी चालूच.

मी काय करायला लावते: सुनेने खोलीत शिरतानाच आपलं नाव सांगायचं, "बाबा, मी अमुक, चहा आणलाय." काकांनी लगेच ते नाव उच्चारायचं. मग एका मिनिटाने विचारायचं, मग दोन, मग चार, मग आठ, मधल्या वेळात साध्या गप्पा, भाजी, पाऊस, काहीही. अडखळले तर थांबून बघायचं नाही, लगेच नाव द्यायचं आणि आधी जितक्या मिनिटांनी जमलं होतं तिथे परत जायचं. एका वेळी एकच गोष्ट. लोकांना हे फारच सोपं वाटतं म्हणून करत नाहीत, दुसऱ्या दिवशी सुनेसोबत नातवंडं, जावई, शेजारी सगळ्यांची नावं घुसवतात. त्या काकांना सुनेचं नाव बसलं, पण दमलेले असले की जुनं नाव अजूनही डोकावायचं. आधीच मुरवलेलं काढायला वेळ लागतो, म्हणून मुरवूच नका.

जे विसरणं नाहीच, त्याला विसरणं म्हणणं

पंचवटीतल्या एका काकूंबद्दल तक्रार होती की गोळ्या विसरतात. मुलीने आठवड्याचा कप्प्यांचा डबा आणला होता, प्रत्येक वाराची एक आडवी ओळ आणि त्या ओळीत सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे. मी डबा बघितला तर रात्रीच्या गोळ्या रोज गेलेल्या आणि सकाळच्या रोज तशाच. विसरणारा माणूस एवढा शिस्तीत विसरत नाही हो! त्यांचा स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूचा होता आणि डावीकडच्या जगाकडे त्यांचं लक्षच जात नव्हतं. डोळे ठीक, नजर ठीक, पण ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची, केसही अर्धेच विंचरलेले. सकाळचा कप्पा सगळ्यात डावीकडे. डब्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि 'लाल दिसेपर्यंत मान वळवायची' एवढंच शिकवलं. मुलगी तोपर्यंत आईला बदाम भिजवून देत होती. द्या, बदाम चांगलेच असतात, पण सकाळची गोळी त्याने दिसणार नव्हती.

याचंच दुसरं रूप म्हणजे शब्द न सापडणं. डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये नातवाचं नाव तोंडात येत नाही, पण नातू कोण ते पक्कं माहीत असतं. फोटो समोर ठेवून "यात तो दाखवा" म्हणा, लगेच कळेल. आणि ३० मार्कांची ती स्मृतीची टेस्ट असते त्यातही बोलण्यावर बरंच असतं, त्यामुळे मार्क कमी आले म्हणून लगेच 'डिमेन्शिया झाला' असं सगळ्या नातेवाइकांना कळवू नका.

"डायरीची सवय लागली तर मेंदू आळशी होईल"

नाही होत. चष्म्याने डोळे आळशी होतात का? वही एकच, जागा एकच, पेन वहीला दोरीने बांधलेलं. कालनिर्णयवर थोडं, मोबाइलमध्ये थोडं, फ्रिजवर चिठ्ठ्या, असं केलंत तर धडधाकट माणूसही वेडा होईल. आणि वही नुसती हातात देऊन उपयोग नाही, 'अलार्म वाजला की वही उघडायची' ही सवय रोज सोबत बसून लावावी लागते. इथेच लोकांचा धीर सुटतो.

बाकीच्या पटापट:

टीव्ही चालू ठेवून काही शिकवू नका. दोघांनी एकदम बोलू नका.

फिजिओ झाल्यावर लगेच मेमरीचा सराव नको, माणूस थकलेला असतो. स्ट्रोकनंतरचा थकवा म्हणजे आळस नव्हे.

गप्प गप्प असतील, कशातच मन नसेल तर न्यूरोलॉजिस्टना सांगा. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना डिप्रेशन येतं आणि त्यातही डोकं असंच चालेनासं होतं. झोपेच्या गोळ्यांचंही विचारा, पण मनाने बंद करू नका.

मेंदूचे गेम असलेले ॲप: गेम खेळून माणूस गेममध्ये हुशार होतो. गॅस बंद करायला त्याने आठवेल या भरवशावर राहू नका, रेग्युलेटर दुसऱ्या कुणीतरी बंद करा.

"ताई, एखादी पॉवरची मेमरीची गोळी?" हा प्रश्न तर ठरलेला. सिटिकोलिन आपल्याकडे सर्रास लिहून दिलेली असते. २०१२ मध्ये तिची मोठी चाचणी झाली, २,२९८ पेशंट, स्ट्रोक झाल्यावर २४ तासांच्या आत सुरू केली, तरी ९० दिवसांनी काही फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, पण 'डबल डोस करू का' हे मला विचारू नका. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर हळू होते, पण होते. ज्यांना पंधरा दिवसांत ऑफिसला पाठवायची घाई असते तेच लोक तिसऱ्या आठवड्यात सराव सोडतात, हे मी कितीदा पाहिलंय.

आणि एक, यात मात्र घाईच करायची. काल बरे होते आणि आज अचानक काहीच्या काही बोलतायत, तर ते 'विसरणं वाढलं' असं धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, सोडियम उतरलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरना दाखवा. तोंड वाकडं, हात गळलेला, जीभ जड असं काही अचानक दिसलं तर सरळ सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथे गेल्यावर आधी सांगायचं ते हे, की शेवटचे व्यवस्थित किती वाजता पाहिले होते. ती वेळ निघतानाच हातावर पेनाने लिहून घ्या.