तेफिलात हदेरेख कधी म्हणायची? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक घाईची. तेफिलात हदेरेख ही आपली ज्यूंची प्रवासाची प्रार्थना वाटेला लागल्यावर म्हणायची असते, चपला घालताना नाही. गावातली शेवटची घरं मागे पडून सुमारे ७० हात अंतर गेलं, की मग.

एकदा आमची बस मलिद्यासाठी, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या विधीसाठी, खंडाळ्याला निघाली होती (अलिबागकडचं, घाटातलं नव्हे). भायखळ्याला दार लागायच्या आत एका उत्साही तरुणाने खणखणीत आवाजात बराखा (देवाच्या स्तुतीचं वचन) धरून ही प्रार्थना उरकली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. ड्रायव्हर अजून टपरीवर चहा पीत होता! मग दोन कुटुंबांची वाट पाहणं, वाशीच्या पुलावरची कोंडी. कर्नाळ्याचा सुळका दिसल्यावर एका मावशींनी विचारलं, "आता म्हणायची ना रे?" निम्मी बस म्हणे झाली, निम्मी म्हणे ती धरायचीच नाही. पेण आलं तरी वाद चालूच. शेवटी हझानकाकांनी (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) शेवटच्या बराखात देवाचं नाव न घेता म्हणायला लावली, कारण शंका असताना बराखा दुसऱ्यांदा करत नाहीत.

घाईवाले हटकून तालमूद, म्हणजे धर्मनियमांच्या चर्चेचा आपला ग्रंथ, पुढे करतात: एलियाहू हन्नाबीने (प्रेषित एलियाने) सांगितलंय, वाटेला निघताना आधी निर्माणकर्त्याला विचार. बरोबर. पण तालमूदच्या बराखोथ या भागात तिथेच पुढे 'कधी म्हणायची?' असा प्रश्न आहे आणि उत्तर आहे, वाटेने चालू लागल्यापासून. अर्धवट वाचायचं आणि वर आवाज चढवायचा! माझी सवय सरळ आहे: अलिबागला जाताना पनवेल सुटेपर्यंत तोंड बंद.

दुसरी चूक लोकलमधली. बोरिवली ते चर्चगेट अंतर पुष्कळ, पण घरांची रांग कुठे तुटते? शहरातल्या शहरात ही प्रार्थना नाही. रोज नऊच्या गर्दीत म्हणणाऱ्यांची श्रद्धा मोठी, पण नियम तसा नाही.

वस्तीबाहेर निदान एक पारसा, म्हणजे सुमारे ४ किलोमीटर जायचं असेल तरच पूर्ण बराखा. त्याहून कमी असेल तर शेवटची 'बारूख अत्ता'ने सुरू होणारी बराखा गाळा. गाडीला हे अंतर पाच मिनिटांचं, म्हणून इस्रायलचे दिवंगत धर्मगुरू राव ओवादिया योसेफ अंतराऐवजी ७२ मिनिटांचा प्रवास धरत. बाकी बरेच जण अंतरच धरतात. आपल्या हझानला विचारा, व्हॉट्सॲपला नको.

दिवसातून एकदाच. त्याच दिवशी परतणार असाल तर सुखरूप परत आणण्याची ओळ त्यातच घाला, येताना पुन्हा नको. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघालात तर पुन्हा म्हणा.

विसरलात तर मुक्कामाचं गाव एक पारसा अंतराहून लांब असेपर्यंत म्हणता येते. त्याच्या आत आलात की बराखाशिवाय.

एकट्याने जातानाही 'आम्हाला' असंच म्हणा. तालमूदमधले पंडित अबाये सांगतात, माणसाने स्वतःला समुदायात धरावं.

गाडी चालवणाऱ्याने पुस्तक उघडू नये. शेजारच्याने म्हणावी, त्याने मन लावून ऐकून आमेन म्हणावं. आणि ते मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून आमेन म्हणणं बंद करा, रेकॉर्डिंग कुणाच्या वतीने प्रार्थना करत नाही.