घरातून धंदा सुरू करताय? आधी झोन दाखला काढा

शिलाई, क्लासेस, टिफिन, काहीही घरातून सुरू करणार असाल तर मशीन किंवा फ्रीझर घ्यायच्या आधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या जागेचा झोन दाखला, म्हणजे जागा रहिवासी, व्यापारी की दुसऱ्या कुठल्या झोनमध्ये येते ते सांगणारा कागद, काढून घ्या, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड सोबत ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं की शॉप अ‍ॅक्ट झाला, उद्यम नोंदणी झाली, म्हणजे झालं सगळं. तसं नाहीये! ते कागद धंद्याचे आहेत, जागा कशासाठी वापरायची ते विकास आराखडा आणि बांधकाम नियमावली ठरवते, मुंबई महापालिकेला डीसीपीआर २०३४ ही नियमावली लागते आणि महाराष्ट्रात बाकी बहुतेक ठिकाणी २०२० ची यूडीसीपीआर. रहिवासी झोनमध्येही काही छोटे धंदे चालतात, पण समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे तेही तिथेच विचारून घ्या.

आमच्या शेजारच्या ताईंनी पापडाची मशीन तळमजल्यावर बसवली आणि महिन्याभरात तक्रार गेली, कारण काय तर भिंतीतून येणारी घरघर आणि जिन्यात ठेवलेली पोती. मशीनखाली रबराचे पॅड टाकले, पोती आत घेतली, सोसायटीकडून लेखी ना हरकत घेतली, मग शांत झालं.

आणि हो, पालिका आपल्या भागाचा झोन बदलणार असेल तर एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला एकच महिना मिळतो, तेवढ्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.