हातानं रंगवलेली जुनी छापील चित्रं: या चुका टाळा

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग एकेक प्रत जलरंगांत रंगवलेली फुलं, पक्षी, फुलपाखरं शे-दोनशे वर्षं सहज टिकतात. आपल्याकडे मात्र ती चार पावसाळ्यांत खराब होतात, ती बहुतेक वेळा ओल्या भिंतीमुळे आणि चुकीच्या फ्रेममुळे.

आधी खरेदी. दहापट भिंगातून पाहा. रंगांचे बारीक ठिपके एका आखणीत दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट प्रत. कोरीव छपाईत रेघा सलग असतात आणि पत्र्याच्या दाबाची चौकट कागदावर हाताला लागते. पण चौकट नाही म्हणून चित्र नकली ठरवू नका. कडा कापलेल्या असू शकतात. शिवाय शिळाछापाला, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईला, ती चौकट नसतेच. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डचे हिमालयातले पक्षी (1830-32) शिळाछापच आहेत. उलट, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाची (1678-1693) पानं बिनरंगी छापली गेली. त्यांवर रंग दिसला, तर तो कधी चढवला हे विचारल्याशिवाय ‘मूळ रंगा’चे पैसे मोजू नका.

तपकिरी ठिपके पडले की लोक ओला कापूस, खोडरबर, लिंबू, काहीही वापरतात. कृपा करून थांबा. गडद भागांवर चमक यावी म्हणून बऱ्याचदा डिंकाचा हात दिलेला असतो. तो पाण्यानं सुटतो आणि रंग घेऊन जातो. काळपट पडलेला पांढरा रंगही मळ समजून घासू नका. तो शिशाचा पांढरा असेल, तर हवेतल्या गंधकानं काळा झालेला असतो. हिरव्या पानांची मागची बाजू जरूर पाहा: तिथं तपकिरी सावली उमटली असेल, तर तांब्याचा हिरवा रंग कागद खातोय. असं चित्र वाकवू नका, तडकतं.

सगळ्यात जास्त नुकसान फ्रेमच्या दुकानात होतं. मागं हार्डबोर्ड, त्यावर फेविकॉलनं चिकटवलेलं चित्र, वर थेट काच. हार्डबोर्डमधलं आम्ल कागद पिवळा करतं, फेविकॉल पुन्हा सुटत नाही, आणि पावसाळ्यात काचेवर आतून धरलेला दमट थर रंगाला चिकटतो. बुकबाइंडरची मोरचूद घातलेली खळही नको. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्लरहित पुठ्ठा), काच आणि चित्रात फट, आणि चित्र फक्त वरच्या बाजूनं, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर, गव्हाच्या स्टार्चच्या पेस्टनं टांगलेलं. खर्च वाढतो, पण तो करावाच.

पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत टाळा. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. उन्हाची तिरीप नको; किरमिजी आणि गुलाबी रंग आधी उडतात. संग्रहालयांत अशा चित्रांवर साधारण 50 लक्स (प्रकाश मोजायचं एकक), म्हणजे मंदच प्रकाश ठेवतात.

चित्र काचेला चिकटलंच, तर ओढू नका. काचेसकट कागद-संवर्धकाकडे न्या. 2019 किंवा 2021 सारखं पुराचं पाणी लागलं, तर चिखल पुसायला जाऊ नका. खाली ताठ पत्रा सरकवून चित्र आडवंच उचला आणि सावलीत, हळू पंख्याच्या वाऱ्यात, रंगाची बाजू वर ठेवून वाळू द्या. ओलं असताना त्यावर वजन ठेवू नका.