कुरणात नुसती कुसळी माजते? माझा अनुभव

साक्री तालुक्यातलं आमचं मुरमाड पडीक. पाणी वाहून जायचं, उगवायचं फक्त कुसळी गवत. जाळून पाहिलं, युरिया टाकला, वैताग नुसता. धुळे जिल्ह्यातल्या लामकानी गावासारखी चराईबंदी गुरं दावणीला असताना परवडेना.

जमलं ते असं. आधी झटका मशीनच्या (गुरांना विजेचा हलका झटका देणाऱ्या) तारेनं कुरणाचे तुकडे पाडले. स्टायलो या शेंगवर्गीय चारापिकाचं बी ८० अंश गरम पाण्यात ४ मिनिटं, मग रात्रभर गार पाण्यात. सुकवून मृगाच्या सरींनंतर फोकलं. (टरफल कडक, तसंच टाकलं तर बरंचसं उगवतच नाही.) पहिल्या पावसाळ्यात चारा कापूनच नेला. नंतर एका तुकड्यात एकच दिवस गुरं; गवत मूठभर उंच उरलं की पुढच्या तुकड्यात. परत तिथे गवत भरल्यावरच, कॅलेंडर बघून नाही. कुसळी मात्र फुलोऱ्याआधी चारायची. कुसळं धरली की गाय तोंड लावत नाही, शेळीच्या कातडीत रुततात. आता मारवेल हे चांगल्या चाऱ्याचं गवत बांधावरून आत सरकतंय.