मिरजेची चिठ्ठी, खानापूरचं मेडिकल: औषध घेताना काय तपासायचं

मिरज-कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी कर्नाटकातल्या निपाणी, खानापूर, बेळगावच्या मेडिकलमध्ये चालते. 'महाराष्ट्राची चिठ्ठी इथं नाही चालत' असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. औषधविक्रीचा कायदा केंद्राचा, १९४० चा. त्याखालचे नियम १९४५ चे. दुकानाला परवाना कर्नाटक सरकार देतं, पण चिठ्ठीचे नियम सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे तेच.

अडचण येते ती एकाच ठिकाणी. आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची की नाही, हे त्या-त्या राज्याच्या कायद्यावर ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात मिळालेली मुभा कर्नाटकात आपोआप लागू होत नाही. अशा चिठ्ठीवर फार्मासिस्टने अँटिबायोटिक नाकारलं तर त्याच्याशी वाद घालू नका. एमबीबीएस डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी घ्या.

चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, डॉक्टरांची सही आणि किती गोळ्या द्यायच्या हा आकडा हवाच. आकडा बहुतेक वेळा राहून जातो. दुसरी चूक बीपी-शुगरवाल्यांची: 'पुन्हा द्यावे' असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. म्हणून डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच 'दरमहा ३० गोळ्या, तीन महिने' असं लिहून घ्या. त्यासाठी पुन्हा मिरजेची खेप नको. औषध दिल्यावर दुकानदाराने डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. आणि लिहिलेल्या औषधाऐवजी 'हे पण तेच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीचं औषध परस्पर देता येत नाही. स्वस्त जेनेरिक हवं असेल तर डॉक्टरांकडूनच तसं लिहून घ्या.

आता पट्टी हातात घ्या. डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' (Rx) असेल तर औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. तेच लाल अक्षरांत आणि इशारा लाल चौकटीत असेल तर औषध 'एच-१' यादीतलं. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत सुरुवातीला ४६ औषधं होती: वरच्या फळीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, सवय लावणारी काही औषधं. ही देताना दुकानदार रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहितो, आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तेव्हा नाव विचारलं म्हणून रागावू नका, खरं नाव सांगा. ताप उतरला की अँटिबायोटिक सोडायचं आणि पुढच्या तापाला उरलेल्या गोळ्या घ्यायच्या, यातूनच जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ही यादी आली ती त्याला आळा घालायला.

पट्टी कापून घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापली आहे, ते टोक मागून घ्या. दुकानदाराला दुसऱ्या टोकाने कापायला काहीच अडचण नसते. '०६/२०२७' म्हणजे जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

बिल घेतलंच पाहिजे, आणि त्यावर बॅच नंबर हवा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल देऊन १४ रुग्ण दगावले. असं विष बाटलीकडे पाहून ओळखता येत नाही. कुठला माल उचलायचा आणि तो कुठल्या दुकानांत गेला, हे बॅच नंबरवरूनच कळतं. कायदा होण्याआधी हा धागाच नव्हता. देशात भेसळीची औषधं किती प्रमाणात विकली जातात हे पाहायला १९३० मध्ये औषधशास्त्रज्ञ कर्नल चोप्रांची समिती नेमावी लागली, आणि तिच्या अहवालानंतर कायदा यायला १९४० उजाडलं. लस, सिरम, इन्सुलिन यांसाठी दुकानाला आजही वेगळा परवाना लागतो. इन्सुलिन घेता ते दुकान तेवढं तपासा: भिंतीवर नमुना २० च्या नेहमीच्या परवान्यासोबत नमुना २१ चा हा वेगळा परवानाही हवा.

गोळीचा रंग बदललेला, पावडर झालेली, सिरपमध्ये गाळ बसलेला दिसला तर ते औषध घेऊ नका आणि फेकूही नका. मूळ पाकीट, बिल आणि चिठ्ठीची झेरॉक्स एकत्र ठेवा. तपासणीसाठी त्याच बॅचची न फोडलेली पट्टी किंवा सीलबंद बाटली मिळवा. उघडलेल्या बाटलीत तुम्हीच काही मिसळलं असेल, असं दुकानदार म्हणू शकतो. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि अहवाल मिळवण्याचा हक्क कुणालाही आहे. अर्ज नमुना १४-अ मध्ये करायचा. तक्रार मात्र दुकान ज्या राज्यात आहे तिथल्या औषध नियंत्रण खात्याकडे जाते: खानापूरच्या दुकानाची कर्नाटकात, चंदगडच्या दुकानाची महाराष्ट्रात. कर्नाटकात अर्जासोबत कन्नड प्रत जोडा, पोच घ्या आणि तिच्यावर बॅच नंबर लिहिलेला आहे ना, ते तिथंच पाहून घ्या. औषधाने अंगावर काही उठलं, त्रास झाला, तर आधी डॉक्टर गाठा, मग १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करा.